काटे काढणारा माणूस

१९७२चा दुष्काळ म्हटले, की मला सर्वांत आधी आठवतो तो एक वास. जळणाऱ्या काट्यांचा वास. माण तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर, ओढ्याच्या कडेला फड्या निवडुंगाचे एक लहानसे बेट शिल्लक राहिले होते. एरवी आम्हा मुलांना त्याचा उपयोग एवढाच, की त्याची लालभडक बोंडे दगडावर घासून कुसळे काढायची, खायची आणि रंगलेल्या जिभा एकमेकांना दाखवायच्या. त्या वर्षी मात्र वडील आणि चुलते रोज संध्याकाळी तिकडे जाऊ लागले. कोयत्याने फडे तोडायचे, लाकडी बेचक्यात धरून जाळावर फिरवायचे, काटे तडतडून जळाले की फडा निवू द्यायचा आणि तुकडे करून गाईपुढे टाकायचा.

कडबा केव्हाच संपला होता. गाय मुकाट्याने ते खात असे. पण काटे सगळे कधीच जळत नसत. एके रात्री तिच्या तोंडातून तांबडी लाळ गळताना दिसली. वडिलांनी कंदील जवळ घेतला, चुलत्यांनी तिचा जबडा धरला आणि जिभेत, हिरड्यांत रुतलेले काटे एकेक करून काढले. पुढच्या बाजारात गाय विकली. आजी त्या रात्री देवघरासमोर बसून विचारत होती, की रानात चारा ठेवायचाच होता, तर त्याला काटे कशाला दिलेस?

पुढे कितीतरी वर्षांनी मला कळले, की हाच प्रश्न एका माणसाने देवाला न विचारता थेट निवडुंगालाच विचारला होता आणि त्याचे उत्तर मिळवण्यासाठी आयुष्याची जवळजवळ वीस वर्षे घालवली होती. त्याचे नाव ल्यूथर बरबँक. परमहंस योगानंदांचे ‘योगी कथामृत’ आपल्याकडे अनेक घरांत असते. ते पुस्तक ज्यांच्या स्मृतीला अर्पण केले आहे, तेच हे बरबँक. योगानंदांनी त्यांना संत मानले. शास्त्रज्ञांपैकी काहींनी त्यांना शास्त्रज्ञ मानायलाही नकार दिला. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना ते जादूगार वाटत. मला मात्र ते आजीच्या प्रश्नाच्या मागे लागलेले गृहस्थ म्हणून जवळचे वाटतात.

तेवीस बिया

बरबँक यांचा जन्म ७ मार्च १८४९चा, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लँकेस्टर गावचा. वडील शेती करीत आणि विटाही पाडीत. त्यांची तीन लग्ने झाली होती आणि पंधरा अपत्यांपैकी ल्यूथर तेरावे. महाविद्यालयाचे तोंड त्यांनी पाहिले नाही. गावच्या ग्रंथालयात त्यांच्या हाती डार्विनचा एक ग्रंथ पडला. माणसाने पाळलेले प्राणी आणि लावलेल्या वनस्पती कशा बदलत जातात, याविषयीचा तो ग्रंथ १८६८ साली प्रसिद्ध झाला होता. सजीवाचे रूप कायमचे ठरलेले नसते, ते वळवता येते, ही गोष्ट त्या विशीच्या आतल्या मुलाच्या मनात घर करून बसली. वडील वारल्यावर वाट्याला आलेल्या पैशांतून त्यांनी जवळच्या लुनेनबर्ग गावी सतरा एकर जमीन घेतली आणि भाजीपाला पिकवू लागले.

बटाटा आपण डोळे लावून वाढवतो. त्याला फळ धरलेले क्वचितच दिसते. १८७२ साली बरबँकना ‘अर्ली रोझ’ जातीच्या एका झाडावर असे एक फळ दिसले. ते पिकायची वाट पाहत असताना एक दिवस ते झाडावरून गायब झाले! इतर कुणी हळहळून सोडून दिले असते. बरबँक मात्र दिवसेंदिवस मातीत शोधत राहिले आणि थोड्या अंतरावर पडलेले ते फळ त्यांनी हुडकून काढले. आत तेवीस बिया होत्या. त्यांतून तेवीस रोपे आली, आणि त्यांतल्या एकाला मोठे, गुळगुळीत, भरपूर बटाटे लागले.

ती जात त्यांनी एका बियाणे व्यापाऱ्याला दीडशे डॉलरला विकली. आज अमेरिकेत लांबलचक फ्रेंच फ्राईज ज्या बटाट्यापासून मोठ्या प्रमाणावर होतात, तो ‘रसेट बरबँक’ म्हणजे याच बटाट्याचा खरखरीत सालीचा वंशज. बटाट्याने पुढे किती पैसा मिळवला याचा हिशेब करणे कठीण आहे; बरबँकना मिळाले ते दीडशे डॉलर आणि व्यापाऱ्याने स्वतःजवळ ठेवू दिलेले दहा बटाटे. तेवढी शिदोरी घेऊन १८७५ साली ते कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझा गावी आले. त्यांचे भाऊ आधीच तिकडे गेले होते. सुरुवातीला सुतारकाम केले, पडेल ते काम केले, आजारपणही काढले. मग हळूहळू रोपवाटिका उभी राहिली.

हजारांतून एक

१८८१ साली एका बागायतदाराला प्रुनची वीस हजार रोपे एका हंगामात हवी होती. अशी रोपे तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागत. म्हणून बाकीच्यांनी हात वर केले. बरबँकनी लवकर उगवणाऱ्या बदामाची रोपे लावली, त्यांवर उन्हाळ्यात प्रुनचे डोळे भरले आणि नऊ-दहा महिन्यांत जवळजवळ सगळी मागणी पुरी केली. गावात त्यांची पत वाढली. १८८५ साली त्यांनी शेजारच्या सिबॅस्टोपोल गावाजवळ प्रयोगांसाठी शेत घेतले.

त्यांची पद्धत ऐकायला सोपी होती. देशोदेशींच्या जाती आणायच्या, त्यांचा संकर करायचा, हजारोंनी रोपे वाढवायची, आणि त्यांतून मनासारखी दोन-चार निवडून बाकीची सगळी उपटून पेटवून द्यायची. शेतावर अशा होळ्या पेटत, तेव्हा पाहणाऱ्यांच्या पोटात कालवाकालव होई. पण त्या राखेतूनच सँटा रोझा प्लम आले, शास्ता डेझीची पांढरीशुभ्र फुले आली, पांढरी ब्लॅकबेरी आली. फळे, फुले, भाज्या, धान्ये मिळून आठशेच्या वर नव्या जाती त्यांच्या नावावर सांगितल्या जातात.

नजर हेच त्यांचे यंत्र होते. रोपांच्या ओळीतून चालता चालता हे ठेवा, हे काढा, असे ते भराभर सांगत जात. हीच त्यांची उणीवही होती. १९०५ साली कार्नेगी संस्थेने त्यांना वर्षाला दहा हजार डॉलरचे अनुदान दिले आणि त्यांची पद्धत टिपून ठेवायला जॉर्ज शल हा अभ्यासू शास्त्रज्ञ पाठवला. पण बरबँकच्या नोंदी त्रोटक, सगळे डोक्यात. काही वर्षांतच ते अनुदान बंद झाले. शास्त्राला वही लागते, आणि बरबँकना वहीपेक्षा वाफा प्रिय होता.

काट्यांशी वैर

निवडुंगाकडे ते वळले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला हजारो मैल कोरडे माळ पसरलेले. तिथे दुष्काळ पडला की टेक्सासचे गुराखी आमच्या वडिलांसारखेच करीत: निवडुंगाचे काटे जाळून तो गुरांना घालीत. बरबँकच्या मनाने घेतले, की हे काटेच नाहीसे केले, तर जगातली पडीक वाळवंटे गुरांची कुरणे होतील.

त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. निवडुंगाचे एक नवल असे, की तो दिवसा तोंड मिटून बसतो. इतर वनस्पती उन्हात आपली सूक्ष्म रंध्रे उघडून हवा आत घेतात आणि त्या नादात पाणी गमावतात. निवडुंग ती रात्रीच्या गारव्यात उघडतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारे बंद करून त्याचे अन्न शिजवतो. म्हणून थोड्या पाण्यात तो पुष्कळ वाढतो. फड्यात शेकडा पंचाऐंशी-नव्वद भाग पाणी असते. दुष्काळात त्यामुळे तो चारा आणि पाणी दोन्ही होतो.

बरबँकनी मेक्सिकोपासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंतचे निवडुंग जमवले. बिनकाट्याचे निवडुंग त्यांनी शून्यातून निर्माण केले, असा समज आहे. तो खरा नाही. काटे कमी असलेल्या जाती जगात आधीपासूनच होत्या. पण त्यांतही कुठे काटा राही, कुठे बारीक कुसळांचे झुबके राहत, कुठे वाढ खुरटी असे. बरबँकनी त्यांचा मोठ्या, जोमदार जातींशी संकर केला आणि पुन्हा तोच हजारांतून एक निवडण्याचा खेळ मांडला. फरक इतकाच, की या वेळी खेळणाऱ्याचे हात रक्ताळत होते. मोठा काटा निदान दिसतो. कुसळ दिसतही नाही आणि निघतही नाही. हात, चेहरा, कपडे सगळे कुसळांनी भरून जाई. कधी वस्तऱ्याने तासून, कधी सँडपेपरने घासून ती काढावी लागत. आपल्या सगळ्या कामांत हेच सर्वांत यातनांचे होते, असे ते नंतर सांगत. फडा खरोखर मऊ झाला का, हे पाहायला ते तो स्वतःच्या गालावर घासत.

योगानंद १९२४च्या सुमारास सँटा रोझाला गेले, तेव्हा बरबँकनी त्यांना या प्रयोगांची हकिगत सांगितली. आपण निवडुंगाशी बोलत असू, असे ते म्हणाले. आता तुला भिण्याचे कारण नाही, तुझे रक्षण करायला मी आहे, तेव्हा हे काटे टाकून दे, असे ते त्याला समजावीत. पुस्तकातला हा प्रसंग वाचताना वाचक हरखून जातो. मीही हरखलो होतो. निवडुंगाने ऐकले ते मायेमुळे की निवडीमुळे, हा वाद बाजूला ठेवू. मला त्यातला एकच शब्द पुढे फार महत्त्वाचा वाटू लागला: रक्षण.

विसरलेले वचन

१९०७ साली बरबँकनी आपल्या निवडुंगांची यादी छापली आणि एकच गहजब उडाला. वर्तमानपत्रांनी वाळवंटाची नंदनवने केली. एकरी शेकडो टन वैरणीची भाषा सुरू झाली. ‘कॉल ऑफ द वाइल्ड’ लिहिणारे जॅक लंडन यांनीही जवळच असलेल्या आपल्या शेतावर हा निवडुंग लावला. फड्यांना सोन्याचा भाव आला. १९१२ साली काही भांडवलदारांनी बरबँकच्या नावाने कंपनी काढली. मागणी इतकी, की माल पुरेना. तेव्हा कंपनीच्या लोकांनी साध्या काटेरी निवडुंगाचे काटे ज्योतीने जाळून, तारेच्या ब्रशने घासून तेच फडे बिनकाट्याचे म्हणून विकले, असे चरित्रकार लिहितात. शेतकऱ्याच्या रानात नवी पालवी फुटली, ती अर्थातच काट्यांसकट! १९१६ पर्यंत कंपनीचे दिवाळे निघाले. फसवणूक बरबँकनी केली नव्हती. पण डब्यावर नाव त्यांचे होते, आणि शिव्या नावाला पडतात.

तथापि फसवणुकीपेक्षाही खोल असे एक कारण होते. ज्यांना अस्सल बरबँक निवडुंग मिळाला, त्यांच्याकडेही तो पुष्कळदा टिकला नाही. शेतीखात्यातले डेव्हिड ग्रिफिथ्स यांनी अनेक वर्षे निवडुंगाचाच अभ्यास केला होता. त्यांनी आधीच बजावले होते, की बिनकाट्याच्या जाती कडाक्याच्या थंडीत तग धरत नाहीत आणि मोकाट जनावरांपुढे त्यांचा निभाव लागत नाही. झाले तसेच. वाळवंटात जिथे दुसरे काही हिरवे नाही, तिथे पाण्याने भरलेला एक मऊ फडा उभा केला, तर आसपासचे ससे, उंदीर, गुरे सगळी तिथेच धावणार. त्याला कुंपण हवे, पहिली एक-दोन वर्षे थोडे पाणी हवे, तण काढायला माणूस हवा. आणि जो हे सगळे देऊ शकतो, तो माणूस बहुधा वाळवंटात राहत नाही.

जमिनीचेही तसेच. कोरडे तिथे निवडुंग, हे खरे. पण कोरड्या मुलखात जमीन बहुधा खारावलेलीही असते, आणि मीठ निवडुंगाला सोसत नाही. त्याच्या मुळ्या खारट मातीत खुरटतात. त्याच्या फड्यात प्रथिनेही कमी. नुसताच निवडुंग खाऊ घातला, तर जनावराला ढाळ लागते. पुढे ट्युनिशियासारख्या देशांनी यावर शहाणा तोडगा काढला. चोपण, खारट जमिनीत ॲट्रिप्लेक्स नावाची झुडपे लावायची आणि त्यातल्या त्यात निचऱ्याच्या जमिनीत निवडुंग. झुडपाच्या पाल्यात प्रथिने आणि मीठ भरपूर, निवडुंगात पाणी आणि साखर. जोडीला कोरडे काड. तिन्ही मिळून मेंढी उन्हाळा काढते.

खरे तर, बरबँक यांचा निवडुंग त्यांच्या देशात हरला आणि परदेशी जिंकला. दक्षिण आफ्रिकेने १९१४च्या सुमारास त्यांच्या वीसहून अधिक जाती नेल्या आणि मिडलबर्गजवळ ग्रूटफाँटाइनच्या शेतीशाळेत जपल्या. तिथल्या कोरड्या करू प्रदेशात त्या वैरण म्हणून लागल्या. उत्तर आफ्रिकेत आणि ब्राझीलच्या ईशान्येकडच्या दुष्काळी पट्ट्यात बिनकाट्याच्या निवडुंगाची लाखो एकर लागवड झाली. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. निवडुंग माळावर सोडून दिलेला नाही. तो राखलेला आहे, आणि तोडून गोठ्यात नेऊन घातला जातो.

राखण ढिली पडली की काय होते, हेही जगाने पाहिले. २००० नंतर ब्राझीलमध्ये आणि २०१४ पासून मोरोक्कोत कोशिनील नावाच्या पांढऱ्या कापसासारख्या किडीने निवडुंगाची राने साफ केली. ही कीड आपल्याला नवी नाही. काटेरी फड्या निवडुंग रानोमाळ माजला, म्हणून १९२६ साली श्रीलंकेतून तीच मुद्दाम भारतात आणली गेली होती. आमच्या ओढ्याकाठी आजीच्या लहानपणी असलेल्या निवडुंगाच्या जंगलातले १९७२ साली एक बेटच का उरले होते, ते मला हे वाचल्यावर उमगले.

देवदाराखाली

त्याच १९२६ साली बरबँक गेले. थॉमस एडिसन आणि हेन्री फोर्ड ज्यांना भेटायला सँटा रोझाला आले होते, ज्यांचा वाढदिवस कॅलिफोर्नियात झाडे लावून साजरा होई, त्या माणसाचे शेवटचे महिने मात्र कष्टी गेले. जानेवारीत एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले, की मरणोत्तर जीवनावर आपला विश्वास नाही, रूढ धर्माच्या दृष्टीने आपण अश्रद्ध आहोत. देशभर वादळ उठले. पत्रांचे ढीग येऊ लागले. काही प्रेमाची, पुष्कळशी शापाची. सत्त्याहत्तरीला आलेले बरबँक त्यांना उत्तरे देत बसले. समजावून सांगितले तर निवडुंगसुद्धा काटे टाकतो, मग माणसे का नाही टाकणार, असे तर त्यांना वाटले नसेल? ११ एप्रिल १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. ज्याला एका योग्याने संत म्हटले आणि धर्मनिष्ठांनी पाखंडी म्हटले, त्याला त्याच्याच अंगणातल्या, त्यानेच लावलेल्या देवदाराखाली पुरले. वर दगड नाही, नाव नाही.

वनस्पतीची नवी जात निर्माण करणाऱ्याला तिच्यावर हक्क देणारा कायदा अमेरिकेत झाला तो १९३० साली, ते गेल्यावर चार वर्षांनी.

आता शेवटची एक घरगुती गोष्ट. २०१३ साली माणदेशात पुन्हा मोठा दुष्काळ पडला. माझे चुलतभाऊ आमची जनावरे घेऊन चारा छावणीत राहिले होते. आपल्याकडेही फलटणची निंबकर संस्था आणि उरुळीकांचनची बायफ या संस्थांनी बिनकाट्याच्या निवडुंगावर काम केल्याचे मी वाचले होते. पाऊस झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने एका ओळखीच्या माणसाकडून वीस फडे मिळवले आणि माळाच्या बांधावर लावले. आठवड्याने जाऊन पाहतो, तो एकही नाही. शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्यांनी एका दुपारीत सगळे फस्त केले होते. दादा खो खो हसले. मग गंभीर होऊन त्यांनी मला विचारले, की ज्याच्याकडे राखण नाही, त्याला देवाने काटे दिले, हे तुम्हा शिकलेल्या माणसांना कसे सुचत नाही?

आजीच्या प्रश्नाचे उत्तर चाळीस वर्षांनी तिच्याच नातवाने दिले होते. काटा हा निवडुंगाचा दुष्टपणा नव्हे. ती त्याची राखण. ती काढून घ्यायची, तर तिची जागा आपण घ्यायला हवी. बरबँकनी निवडुंगाला दिलेले वचन हेच होते. त्यांनी आपल्या वाफ्यापुरते ते पाळले. ज्यांनी फडे विकले आणि ज्यांनी विकत घेतले, ते वचन विसरले.

पुढच्या वर्षी दादांनी घरामागच्या निचऱ्याच्या तुकड्यात पुन्हा फडे लावले. भोवती बोरी-बाभळीच्या फांद्यांचे दाट कुंपण केले. काटे तेच, फक्त निवडुंगाच्या अंगावरून कुंपणावर आलेले. आता ती झाडे कमरेच्या वर गेली आहेत. उन्हाळ्यात वहिनी सकाळी दोन-चार फडे तोडतात, तुकडे करतात, कडब्याच्या कुट्टीत मिसळतात. गाय शांतपणे खाते. तिचे तोंड उघडून पाहायला कंदील लागत नाही.